हातकुऱ्हाडीची परीक्षा आणि अनर्थदंडाचा विचार

परभणी जिल्ह्यात जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरावर जैनांची प्राचीन गुहामंदिरे आहेत, आणि जिल्ह्याच्या शिवारांत बाभळीचे काटे तोडण्यासाठी, कुंपण घालण्यासाठी व जळण फोडण्यासाठी कुऱ्हाड नित्य लागते. त्यामुळे श्रावकाने, म्हणजे गृहस्थ जैनाने, हत्यार कसे बाळगावे हा प्रश्न येथे ग्रंथापुरता उरत नाही. आचार्य समंतभद्रांच्या ‘रत्नकरंड श्रावकाचारा’त अनर्थदंडाचे, म्हणजे निष्प्रयोजन पापाचरणाचे, पाच प्रकार सांगितले असून त्यांपैकी ‘हिंसादान’ म्हणजे वधाची साधने दुसऱ्यास देणे होय, आणि त्या साधनांच्या यादीत परशू अग्रभागी आहे.

रानात सोबत नेण्याजोगी लहान कुऱ्हाड करायची तर दांडा आखूड करतात, पात्याला लोहाराकडून पाणी देतात, म्हणजे तापलेले पोलाद एकदम थंड करून कठीण करतात, नेढ्यात दांडा बसवून पाचर मारतात आणि कानशीने धार काढतात. यांतील जोडणीकडे जैन आचार्यांनी बारकाईने पाहिले आहे. १२व्या शतकातील हेमचंद्राचार्यांच्या ‘योगशास्त्रा’त ‘संयुक्ताधिकरण’ हा अतिचार, म्हणजे व्रताला लागणारा डाग, मानला आहे. उखळाला मुसळ किंवा नांगराला फाळ जोडून ठेवला की कोणीही तो मागून नेतो, सुटा असला तर नकार देणे सोपे जाते, असे त्यामागील कारण आहे. दांडा बसवलेली कुऱ्हाड याच न्यायाने पाहावी लागेल. तरीही शेती आणि उपजीविकेत अटळपणे होणारी ‘उद्योगी हिंसा’ गृहस्थाला पूर्णपणे वर्ज्य नसल्याने, हत्यार सुधारणे हाच दोष ठरत नाही.

खरा पेच परीक्षेच्या वेळी उभा राहतो. नवी धार पाहण्यासाठी वाटेवरच्या हिरव्या फांदीवर सहज घाव घातला जातो, त्या फांदीची गरज कोणालाच नसते, आणि समंतभद्रांनी ‘प्रमादचर्या’ या प्रकारात निष्फळ वनस्पतिच्छेदाचा स्पष्ट उल्लेख केला आहे तो अशाच कृतीसाठी. येथे पाप हत्याराच्या धारेत नसून प्रयोजनाच्या अभावात आहे, ही या विचाराची मोठी सूक्ष्मता होय. वाळलेले लाकूड वापरले की प्रश्न सुटला, असेही म्हणता येत नाही. हिरवी फांदी सचित्त, म्हणजे सजीव, असली तरी तिच्यातील जीव एकेंद्रिय आहे, उलट जुन्या जळणात वाळवी आणि भुंगेरे असतात, ते त्रस, म्हणजे हालचाल करणारे, एकाहून अधिक इंद्रियांचे जीव असून त्यांची हिंसा अधिक गंभीर मानली जाते. पाहून, झटकून, उलटून घेतल्यावाचून ओंडक्यावर घाव घालणारा केवळ ओंडका वाळलेला आहे म्हणून निर्दोष ठरत नाही. म्हणून कुऱ्हाडीची परीक्षा नीट पारखलेल्या, कीडविरहित आणि तसेही फोडायच्याच असलेल्या जळणावर घेणे, एवढाच मार्ग या शास्त्राला धरून आहे.