झांकलेलें काम

जें काम पुढें कोणाच्याहि दृष्टीस पडणार नाहीं तें मन लावून करावें कीं नाहीं, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या पुस्तकांतून सहसा आढळत नाहीं. तेथें चर्चा असते ती अदृश्य राहून केलेल्या पापाची. प्लेटोच्या ‘रिपब्लिक’च्या दुसऱ्या भागांत गायजीसच्या आंगठीची कथा आहे. आंगठीचा खडा तळहाताकडे वळवितांच एक मेंढपाळ अदृश्य होई. या बळावर त्यानें राणीला वश केलें, राजाला मारलें आणि राज्य घेतलें. कोणी पाहत नसतां मनुष्य न्यायानें कां वागेल, असा ग्लॉकनचा सवाल आहे. मला या कथेची उलट बाजू अधिक विचार करण्याजोगी वाटते. कोणी पाहत नसतां मनुष्य आपलें काम उत्तम कां करील?

याचें एक नमुनेदार उदाहरण अमेरिकेंत घडलें. २००८ सालीं सॅन फ्रॅन्सिस्को येथील एका शाळकरी मुलानें बोइंग ७७७ या प्रवासी विमानाची प्रतिकृति करावयास घेतली. बाजारांत मिळणारे तयार भाग जोडून नव्हे. कचेरींत कागदपत्रें ठेवण्यासाठीं जाड, पिवळसर कागदाच्या ज्या फायली असतात त्या कापून, दुमडून आणि चिकटवून. प्रमाण एकास साठ. मूळ विमान सुमारें ७४ मीटर लांब, म्हणजे प्रतिकृति सव्वा मीटरची. आंतील मांडणी त्यानें एअर इंडियाच्या विमानाची घेतली, कारण त्या बैठकींचा सविस्तर नकाशा त्याच्या हातीं लागला. मग त्यानें एकेक आसन कागदाचें केलें. साध्या वर्गाच्या आसनाला वीस मिनिटें, मधल्या वर्गाच्या आसनाला चार ते सहा तास आणि पहिल्या वर्गाच्या आसनाला आठ तास! म्हणजे पहिल्या वर्गांतील एका आसनाच्या वेळांत साध्या वर्गाचीं चोवीस आसनें झालीं असतीं. वर्गभेद कागदाच्या जगांतहि सुटत नाहीं तो असा. पुढें महाविद्यालयाचा अभ्यास अर्ध्यावर सोडून तो याच कामास लागला.

आतां खिडकीचा हिशेब पाहा. मूळ विमानाची खिडकी सुमारें ३८ सेंटिमीटर उंच असते. तिला साठानें भागलें म्हणजे सहा मिलिमीटरांहून किंचित् अधिक, बासमतीच्या दाण्याच्या लांबीएवढें छिद्र राहतें. अशा विमानावर छप्पर चढविलें कीं आंतल्या आसनांचें काय दिसणार? पाठीची एखादी कड, एखादी सावली. आठ तासांचें आसन आणि आठ मिनिटांचें आसन यांतला भेद बाहेरून कोणालाहि कळणार नाहीं.

कोणी म्हणेल, हें कीर्तीसाठीं केलें. छप्पराखालीं जाण्यापूर्वीं या आसनांचीं छायाचित्रें जगभर पसरलीं, हें खरें. परंतु हा लौकिक २०१४ च्या सुमारास आला, आणि तोंपर्यंत कात्री चालूं होऊन पांच-सहा वर्षें लोटलीं होतीं. निव्वळ प्रदर्शनासाठीं केलेलें काम वेगळें असतें. १९२१ ते १९२४ या काळांत लट्येन्स या वास्तुकारानें इंग्लंडच्या मेरी राणीसाठीं एकास बारा या प्रमाणाचें बाहुलीघर बांधलें. त्यांतल्या इवल्या बाटल्यांतहि खरें मद्य भरलें होतें. पण तें घर वेंब्लीच्या प्रदर्शनांत मांडावयाचें होतें आणि तेथें हजारों डोळे येणार हें बांधणारांस ठाऊक होतें. त्या कौशल्याचें मला कौतुक वाटतें, कोडें पडत नाहीं.

कोडें पडतें तें अथेन्सच्या पार्थेनॉनपुढें. ख्रिस्तपूर्व पांचव्या शतकांत त्या देवळाच्या त्रिकोणी शिखरांत ज्या मूर्ति बसविल्या, त्यांच्या पाठीहि कोरलेल्या आहेत. मूर्ति उंचावर, पाठ भिंतीकडे. खालच्या माणसाला ती दिसण्याचा संभव नव्हता. तेथें निदान एक उत्तर देतां येतें, कीं देव सगळीकडून पाहतो. आमच्या फायली कापणाऱ्या मुलास हें उत्तर लागू पडत नाहीं. गीतेंतील निष्काम कर्माचा आधार घ्यावा, तर तो उपदेश प्राप्त कर्तव्याविषयीं आहे, आणि कागदाचें विमान करणें हें कोणाचेंहि प्राप्त कर्तव्य नव्हे. कर्तव्यहि नाहीं, देवहि नाहीं, प्रेक्षकहि नाहीं. मग उरलें काय?

मला वाटतें, प्रतिकृति हें एक विधान असतें. ‘मूळ वस्तु अशी आहे,’ असें ती सांगते. हें विधान पूर्ण खरें कधींच नसतें. कागद पाव मिलिमीटर जाड धरला तरी साठानें गुणल्यावर तो पंधरा मिलिमीटर होतो. विमानाचा पत्रा त्याहून कितीतरी पातळ. तेव्हां करणाराला कोठें तरी थांबावेंच लागतें. प्रश्न आहे तो थांबण्याच्या कारणाचा. ‘याहून बारीक माझ्या बोटांना जमत नाहीं’ हें कारण वस्तूचें आणि हाताचें आहे, व त्यांत लाज नाहीं. ‘हें कोण पाहणार?’ हें कारण वस्तूविषयीं कांहींच सांगत नाहीं. तें पाहणाराच्या डोळ्यांचें माप घेतें, आणि एकदां तें माप हातांत आलें म्हणजे मनुष्य सर्वच कामांना तें लावूं लागतो. वर्गांत एखादा मुद्दा रंगांत आला असतां ‘हें परीक्षेला येणार आहे काय?’ असें विचारणारा विद्यार्थी मला आज तीस वर्षें भेटत आहे. तो आळशी नसतो. त्यानें परीक्षकाच्या डोळ्यांचें माप घेतलेलें असतें, इतकेंच.

याचा अर्थ त्या मुलानें अभ्यास सोडला तें बरें केलें असा नव्हे. वाचकांपैकीं बहुतेकांच्या घरीं मुलें आहेत. तीं अशी कात्री घेऊन बसलीं तर काय, ही चिंता खोटी नाहीं. मनुष्याचा वेळ केवळ त्याचा नसतो. त्याच्या मिळकतीची वाट पाहणारीं वृद्ध माणसें घरांत असतील, तर आठ तासांचें आसन त्यांच्या ताटांतून घेतलेलें असतें, आणि अशा वेळीं कलेचा दाखला देणें हें निव्वळ स्वार्थाला दिलेलें चांगलें नांव होय. हा आक्षेप मला प्रबळ वाटतो. पण तो ऋणाचा आक्षेप आहे, काम क्षुल्लक असल्याचा नव्हे. बापानें रागावावयाचें तर नेमक्या कारणासाठीं रागवावें. मी त्या बापाच्या जागीं असतों, तर एक वर्षाची मुदत घालून दिली असती, फायलींचा खर्च त्याचा त्याला मिळविण्यास सांगितलें असतें, आणि छप्पर चिकटविण्यापूर्वीं मला एकदां हांक मार, एवढें मागून घेतलें असतें.