दारू सुटली, मग झोप कुठाय?

दारू सोडून चाळीस दिवस झाले. रात्रीचे तीन वाजलेत. सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमाग खडखडतायत आणि मीही जागा. शहाण्यासारखं वागलो, मग ही शिक्षा का?

डॉक्टर म्हणाले, दारू मेंदूला गुंगवते, म्हणून मेंदू स्वतःला जास्तच जागं ठेवायला शिकतो. दारू थांबली तरी ती सवय आठवडे, कधी महिने टिकते. (रोज भरपूर पिणाऱ्यानं डॉक्टरांना न विचारता एकदम सोडू नये, ते याचमुळे.) पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून व्यसन सोडवतंय. म्हणजे माझ्याआधी कितीतरी जणांनी अशा रात्री काढल्या असणार.

शिक्षेचा प्रश्न सुटला, मोबदल्याचा राहिला. पण झोपेच्या बदल्यात दारू सोडतो, असा सौदा मी केलाच कधी? आईनं मला घाबरू नये म्हणून सोडली होती. योग्य गोष्टीचं बक्षीस मिळालं नाही, म्हणून ती अयोग्य ठरते का?

आता तळमळत पडत नाही. मोबाईल आत ठेवून, चादर पांघरून गच्चीवर बसतो. पाचला आई येते.

"झोपला नाहीस व्हय रे?"

पूर्वी ती काही विचारायचीच नाही.