अटीआधी तारीख

समजा, लातूरच्या मोंढ्यातल्या सोयाबीनच्या पट्ट्या एक्सेलमध्ये भरल्या आहेत. शेतकऱ्याला मिळालेला भाव हमीभावाच्या किती खाली होता, ते शेजारच्या रकान्यात हवं आहे. २०२३-२४ च्या हंगामाचा हमीभाव क्विंटलला ४६०० रुपये, २०२४-२५ चा ४८९२. अट साधी: तारीख १ ऑक्टोबर २०२४ किंवा त्यानंतरची असेल तर ४८९२, नाहीतर ४६००. तरी ५ ऑक्टोबरच्या पट्टीसमोर ४६०० येतात आणि १३ सप्टेंबरच्या पट्टीसमोर ४८९२.

मग माणूस कंस मोजत बसतो, अट उलटी करून पाहतो. अटीत खोट नसतेच. ती तारखेत असते.

एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे आकडा. १ जानेवारी १९०० ला १ धरून एक्सेल दिवस मोजतो. ५ ऑक्टोबर २०२४ म्हणजे ४५५७०. संगणकाची मांडणी अमेरिकी असेल, तर ०५/१०/२०२४ मधला पहिला आकडा तो महिना समजतो. झाली १० मे, म्हणजे ४५४२२. अट तिला मुकाट जुन्या हंगामात टाकते. १३/०९/२०२४ ला मात्र तेरावा महिना कुठून आणणार? ती नुसता मजकूर होऊन पडते, आणि एक्सेलच्या नियमात मजकूर कुठल्याही आकड्यापेक्षा मोठा. मग १३ सप्टेंबर काय नि १३ जानेवारी काय, सगळं नव्या हंगामात. सगळ्यांत घातक १५ ऑक्टोबर: तिचं उत्तर चुकीच्या कारणाने बरोबर येतं आणि तपासणाऱ्याची खात्री पटते. एक्सेलमधलं डेटा आणण्याचं साधन, पॉवर क्वेरी, निदान अशा मजकुरासमोर सरळ एरर दाखवतं, ते बरं.

आकडा आहे की नाही ते सांगणारं 'इझनंबर' हे सूत्र लावलं की मजकूर सापडतो. 'टेक्स्ट टू कॉलम्स'मध्ये डीएमवाय निवडून तो सुधारतोही. पण १० मे होऊन बसलेली ५ ऑक्टोबर या चाचणीत सहज पास होते, कारण ती आता खरीच तारीख आहे. तिथे डागडुजी नको. मूळ फाइल पुन्हा आणा आणि आणतानाच दिवस, महिना, वर्ष हा क्रम सांगा.

मोंढा नांदेडचा असो की लातूरचा, चुकलेल्या प्रत्येक ओळीत क्विंटलमागे २९२ रुपयांचा फरक पडतो. अहवाल पुढे पाठवण्याआधी महिन्याच्या १२ तारखेपर्यंतची एक आणि त्यानंतरची एक पट्टी मूळ कागदाशी स्वतः ताडून पाहा.