वरची झळाळी आणि खालचा थर



गेल्या महिन्यात मिस्सानंतर दोघा-तिघांनी आम्हाला बाजूला घेऊन एकच प्रश्न विचारला. आपल्या धर्मग्रामातील तो गाड्या चमकवणारा मुलगा रविवारी चर्चमध्ये का दिसत नाही? उत्तर सोपे आहे. त्याची गिऱ्हाइके नोकरदार आहेत, डॉक्टर आहेत, क्लासवाले आहेत. त्यांची गाडी घरी उभी सापडते ती रविवारीच. म्हणून तो शनिवारच्या संध्याकाळच्या मिस्साला येतो, मागच्या खांबाशी उभा राहतो आणि निघून जातो. शनिवारची ती मिस्सा रविवारचीच असते, हे आम्ही पूर्वी सांगितले आहे. येथे पुन्हा सांगतो.

आजच्या शुभवर्तमानात, मार्कच्या सातव्या अध्यायात, परूशी लोक प्रभूच्या शिष्यांकडे बोट दाखवतात. हात न धुता हे जेवतात कसे, अशी त्यांची तक्रार आहे. पेले, घागरी, तांब्याची भांडी धुण्याच्या त्यांच्या रिवाजांचाही तेथे उल्लेख आहे. माणसाला विटाळवणारे बाहेरून आत जात नाही, ते आतून बाहेर येते, असे प्रभू त्यांना सांगतो. या उताऱ्यावर आम्ही अनेकदा बोललो आहोत. मात्र धुण्या-पुसण्यातच ज्याचे पोट आहे, त्याने हा उतारा कसा ऐकावा, याचा विचार आम्ही कधी केला नव्हता. तो या मुलामुळे करावा लागला.

त्याचे काम आपल्यातील बऱ्याच जणांना फक्त लांबून ठाऊक आहे. जुनी व्हॅन, तिच्यात पाण्याची टाकी, लांबलचक वायर, पॉलिशचे मशीन आणि मऊ कापडांची थप्पी. आठवड्यातील तीन दिवस नांदेड आणि दोन दिवस लातूर. उन्हाळ्यात तो पहाटे पाचला सुरू करतो आणि नऊला थांबतो, कारण आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात बॉनेट तव्यासारखे तापते आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश वाळून चिकटते. उरलेले काम सूर्य मावळल्यावर.

हे काम तो शिकला लातूरला, एका वॉशिंग सेंटरवर. मग २०१६ साल आले. मांजरा धरण आटले. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोहोचली, दहा डब्यांत सुमारे पाच लाख लिटर पाणी. सुमारे साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेचे पाणी प्यायला येत होते. पाण्याच्या टाक्यांभोवती भांडणे होऊ नयेत म्हणून त्याआधीच जमावबंदी लागली होती. अशा गावात गाडीवर पाइप मारायला कोणाचा हात उचलेल? सेंटर बंद पडले आणि हा घरी बसला. त्या रिकाम्या महिन्यांत तो बादलीभर पाण्यात गाडी धुण्याची रीत शिकला. विशिष्ट द्रव मिसळलेल्या पाण्यात कापड भिजवायचे, एकेका भागावरून हलक्या हाताने एकाच दिशेने फिरवायचे आणि प्रत्येक वेळी कापडाची स्वच्छ घडी वापरायची. मळ द्रवात उचलला जातो, पत्र्यावर घासला जात नाही. पाइपने जिथे शंभर-दीडशे लिटर सहज वाहून जातात, तिथे तो दहा-बारा लिटरमध्ये गाडी स्वच्छ करतो. आधीच्या वर्षी, २०१५ मध्ये, पोप फ्रान्सिस यांचे ‘लाउदातो सी’ हे परिपत्रक आले होते. पाण्यावरचा त्यातला भाग आम्ही तेव्हा प्रवचनात समजावून सांगितला होता. समजावणारे आम्ही, पाळणारा हा.

आता थोडे रंगाविषयी. गाडीचा रंग हा एक थर नसतो. पत्र्यावर गंज रोखणारा थर, त्यावर प्रायमर, त्यावर खरा रंग आणि सर्वांत वर पारदर्शक थर, ज्याला क्लिअर कोट म्हणतात. हे सगळे मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस सुमारे ७० मायक्रॉन जाड असतो, म्हणजे चारही थर एकत्र केले तरी दोन केसांच्या आसपास. वरचा पारदर्शक थर तर साधारण ३५ ते ५०. उन्हापासून खालच्या रंगाला वाचवणारी द्रव्ये त्याच थरात असतात.

सकाळी आपण घाईत कोरड्या फडक्याने गाडी पुसतो तेव्हा रस्त्याची बारीक वाळू त्या थरावर फिरते. उन्हात गाडीवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या गोल रेषा दिसतात, त्या यातूनच येतात. बोअरचे जड पाणी पत्र्यावर वाळले की क्षारांचे पांढरे डाग राहतात. पक्ष्याची विष्ठा आम्लधर्मी असते, उन्हात ती थरात खोल उतरते. तिला नखाने किंवा कोरड्या कापडाने खरवडू नये, ओले कापड दोन-तीन मिनिटे ठेवून मग हळूच उचलावे. भांड्याच्या साबणाने गाडी धुऊ नये, त्याने वॅक्स निघून जाते. हे त्याने सांगितलेले आम्ही येथे छापतो, कारण चर्चच्या आवारात लिंबाखाली उभ्या राहणाऱ्या गाड्या आम्ही दर रविवारी पाहतो.

आम्हाला सर्वांत जास्त थांबवले ते पॉलिशविषयीच्या एका गोष्टीने. आमची समजूत होती की पॉलिश म्हणजे गाडीवर काहीतरी लावणे. तसे नाही. पॉलिशमध्ये बारीक घासणारे कण असतात. ओरखड्याच्या भोवतालचा थर घासून ओरखड्याच्या तळापर्यंत खाली आणायचा, म्हणजे ओरखडा दिसेनासा होतो. चमक येते ती पृष्ठभाग सपाट झाल्यामुळे, आणि प्रत्येक वेळी दोन-चार मायक्रॉन कायमचे जातात. ते परत येत नाहीत. म्हणून शहाणा कारागीर कमीत कमी घासतो आणि मग जपण्याची तजवीज करतो. ब्राझीलमधील ताडाच्या पानांपासून मिळणारे कार्नोबा वॅक्स काही आठवडे टिकते. सिरॅमिक कोटिंग नीट राखले तर काही वर्षे. पण दगड उडून लागला तर सिरॅमिकही वाचवत नाही, आणि जो वाचवतो म्हणून सांगतो तो विकायला बसला आहे.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आम्हाला स्पिनोझाचे नाव भेटले. १७ व्या शतकातील हा डच तत्त्वज्ञ भिंगे घासून पोट भरत असे. १६५६ मध्ये त्याच्या ज्यू समाजाने त्याला बहिष्कृत केले. पुढे आपल्या चर्चनेही त्याची पुस्तके वर्ज्य ठरवली होती, त्यामुळे प्राध्यापक त्याच्यावरून जरा भरभर गेले. तो १६७७ मध्ये, ४४ व्या वर्षी, फुप्फुसाच्या आजाराने वारला. काचेच्या पुडीने तो आजार बळावला असावा असे मानतात. आम्ही त्या मुलाला मास्क लावायला सांगितले तेव्हा हेच मनात होते. तो म्हणाला, “फादर, उकडतं हो.” तरी लावतो आता.

आता आमची स्वतःची गोष्ट. चर्चची जुनी बोलेरो विकायची होती आणि त्या पैशातून हॉलचे पत्रे बदलायचे होते. आम्ही त्याला बोलावले आणि सांगितले, “बाबा, नवीसारखी कर. उद्या गिऱ्हाईक येतंय.” त्याने खिशातून जाडी मोजायचे यंत्र काढले आणि जागोजागी टेकवत फिरला. छपरावर ११० आले. बॉनेटवर ८०. डाव्या मागच्या दारावर ३०० च्या वर.

“फादर, या दाराला लांबी भरून परत रंग मारलाय. कधी ठोकली होती का?”

ठोकली होती. आमच्या आधीच्या काळात, देगलूर रस्त्यावर. आम्हाला माहीत होते.

“आणि बॉनेट कुणी इतकं घासलं?”

तेही आम्हीच. बिशप यायचे असले की, सण असला की, आम्ही कोपऱ्यावर गाडी नेऊन रबिंग-पॉलिश करून घेत होतो. गाडी राखतो आहोत असे वाटत होते, प्रत्यक्षात दर सणाला तिचा एक पापुद्रा काढत होतो.

तो म्हणाला की बॉनेटवर तो मशीन चालवणार नाही. तेलकट भराव असलेले एक पॉलिश असते, ते लावले तर रेषा भरून निघतात आणि दारही उद्यापुरते बाकीच्या रंगात मिसळून जाईल. दोन-तीन धुण्यांत सगळे पुन्हा वर येईल. मग जरा थांबून, खाली बघत, त्याने विचारले, “लावू का? तुम्ही म्हणाल तसं.”

बंधुभगिनींनो, त्या वेळी आम्ही लगेच ‘नको’ म्हणालो नाही. आम्ही पत्र्यांचा हिशेब केला. पैसे काही आमच्या खिशात जाणार नाहीत, देवाच्या घराला लागतील, असेही मनाशी म्हणून झाले. तत्त्वज्ञानाची पदवी अशा वेळी फार उपयोगी पडते. द्रव्य वेगळे, गुण वेगळा, गाडी तीच राहते, फक्त दिसणे बदलते, असा युक्तिवाद आमच्या डोक्यात अर्ध्या मिनिटात तयार होता. तेवढ्यात तो आपणहून बोलला. लातूरच्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याने त्याला महिन्याला आठ-दहा गाड्या देऊ केल्या होत्या, अट हीच. त्याने नाही म्हटले. त्यावरून घरी आई दोन दिवस बोलली नाही, कारण बहिणीच्या नर्सिंगची फी भरायची होती. “मी तिला म्हटलं, मला फादरनी पहिला कम्युनियन दिलाय.”

आम्ही त्याला गाडी फक्त धुवायला सांगितली.

दुसऱ्या दिवशी गिऱ्हाईक आले तेव्हा दार आम्ही स्वतः दाखवले आणि बॉनेटही. त्यांनी बरेच पैसे कमी केले. गाडी गेली. मुलाच्या कामाचे पैसे आम्ही दिले तेव्हा तो घेईना, ते त्याच्या आईच्या हाती दिले.

हॉलचे पत्रे यंदा बदलता येणार नाहीत. पावसात डाव्या बाजूच्या मागच्या चार ओळी गळतात, त्या बाजूला बसणाऱ्यांनी कृपया पुढे येऊन बसावे.