तास आणि जागा

इंग्लंडमध्ये नोकरदार आईवडिलांना मुलांच्या सांभाळासाठी सरकार जी मदत देते, ती तासांत मोजली जाते. सप्टेंबर 2025 पासून नऊ महिन्यांच्या बाळापासून शाळेच्या वयापर्यंत प्रत्येक पात्र मुलाला आठवड्याला 30 तास, वर्षातले 38 आठवडे, असे एकूण 1,140 तास मिळतात. तीन आणि चार वर्षांच्या सगळ्याच मुलांना 2010 पासून 15 तास होते. कमावत्या पालकांसाठी 2017 मध्ये ते 30 झाले. मार्च 2023 च्या अर्थसंकल्पात त्याहून लहान मुलांचा समावेश जाहीर झाला आणि पुढच्या अडीच वर्षांत तो टप्प्याटप्प्याने अमलात आला. या सगळ्या काळात वाद झाला तो आकड्यावर. पंधरा पुरेसे की तीस हवेत, दोन वर्षांच्या मुलाला द्यावेत की नऊ महिन्यांच्या, यावर पक्षांचे जाहीरनामे आणि वर्तमानपत्रांचे अग्रलेख खर्ची पडले. ते तास मूल कुठे घालवणार, हा प्रश्न दुय्यम राहिला. वास्तविक तोच पहिला होता.

योजनेची रीत अशी आहे. आईवडील दोघेही, किंवा पालक एकटा असेल तर तो एकटा, किमान वेतनाच्या दराने आठवड्याला 16 तासांच्या कामाइतके तरी कमावणारा हवा. दोघांपैकी एकाचेही वार्षिक उत्पन्न एक लाख पौंडांच्या वर गेले की हक्क संपतो. अर्ज मंजूर झाला की अकरा अंकी कोड मिळतो. तो नर्सरीला किंवा घरी मुले सांभाळणाऱ्या नोंदणीकृत चाइल्डमाइंडरला द्यायचा आणि दर तीन महिन्यांनी आपण अजूनही पात्र आहोत असे सरकारला कळवायचे. तास कोड मिळाल्याच्या दिवसापासून लागू होत नाहीत, पुढचे सत्र सुरू झाल्यावर होतात. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात नऊ महिन्यांचे झालेले बाळ जानेवारीपर्यंत थांबते. आईची वैधानिक पगारी रजा 39 आठवड्यांची, म्हणजे तीही नऊ महिन्यांतच संपलेली असते. मधल्या चार महिन्यांची फी घरातून जाते.

नोकरीच्या दिवसाशी हे तास जुळवताना आणखी अडचण येते. सकाळी आठ ते संध्याकाळी सहा हा नर्सरीचा नेहमीचा दिवस धरला, तर 30 तासांत तीन दिवस बसतात, तेही शाळेच्या सत्रांपुरते. नोकरी मात्र शाळेच्या सुट्टीत थांबत नाही. म्हणून बरेच पालक तेच 1,140 तास 51 आठवड्यांवर पसरून घेतात. मग आठवड्याला 22 तासांच्या थोडे वर, जेमतेम सव्वादोन दिवस मिळतात. पूर्णवेळ नोकरी करणाऱ्यांना पन्नास तास लागतात. उरलेल्या तासांचा दर नर्सरी ठरवते, आणि सरकारी दरात भागत नसेल तर तूट त्याच तासांतून, शिवाय जेवण, डायपर आणि सहलींच्या वेगळ्या आकारांतून भरून काढते. हे आकार ऐच्छिक असले पाहिजेत, असे सरकारी मार्गदर्शन सांगते. पण गावात एकच नर्सरी असेल आणि तिच्या प्रतीक्षायादीत नाव असेल, तर पालकाला ऐच्छिक या शब्दाचा फारसा उपयोग नसतो. 'मोफत' हा शब्द टाळून नर्सरीचालक 'अनुदानित' म्हणतात, ते योग्यच आहे.

या सर्व अडचणींचे मूळ एका भेदात आहे. तास हा पालकाच्या वेळापत्रकाचा घटक आहे आणि जागा ही मुलाच्या वाट्याला येणारी वस्तू आहे. जागा म्हणजे तापवलेली खोली, निजायची गादी, अंगण, आणि मुख्य म्हणजे मुलाला नावाने ओळखणारी बाई. दोन वर्षांखालील तीन बाळांमागे एक कर्मचारी, दोन वर्षांच्या पाच मुलांमागे एक, त्यावरच्या वयाला आठांमागे एक, असे तिथले नियम आहेत. तीन बाळांतले एक मंगळवारी आणि गुरुवारी आले नाही, म्हणून त्या बाईचा पगार एक तृतीयांशाने उतरत नाही आणि खोलीचे भाडेही कमी होत नाही. खर्च जागेवर होतो आणि अनुदान तासावर येते. सरकार मोजते एक आणि नर्सरी विकते दुसरेच.

मूल आईजवळच वाढावे, हा आक्षेप घरभाडे आणि पगार यांचा हिशेब न मांडणाऱ्यांचा आहे, आणि एका बाईला आणखी दोन मुले सांभाळायला लावून खर्च वाचवण्याची सूचना बाळांशी कधी दिवसभर राहिलेल्या माणसाची असू शकत नाही. सविस्तर उत्तर द्यायला हवे ते वेगळ्या मताला, कारण ते समंजस वाटते आणि धोरण त्यावरच उभे आहे. पैसा पालकाच्या मागे जाऊ द्या, मागणी वाढली की जागा आपोआप निर्माण होतील, असे हे मत आहे.

याची परीक्षा इंग्लंडमध्ये एकदा झालेली आहे. जॉन मेजर यांच्या सरकारने 1996 मध्ये चार वर्षांच्या मुलांसाठी 1,100 पौंडांचे व्हाउचर आणले. पालकाने ते हवे तिथे द्यावे आणि त्यातून निवड वाढावी, ही अपेक्षा होती. घडले असे की शाळांनी आपल्या पहिल्या वर्गाची दारे चार वर्षांच्या मुलांसाठी लवकर उघडली, व्हाउचर तिकडे वळले, आणि आयांनी मिळून चालवलेले अनेक खेळगट मुलांअभावी बंद पडले. पुढच्याच वर्षी नव्या सरकारने योजना गुंडाळली. पैसा पालकामागे गेला, पण नव्या जागा वाढण्याऐवजी मुले आधीच्याच जागांत सरकली.

दुसरी गोष्ट, मागणी वाढली की पुरवठा वाढतो हा नियम किंमत हलू शकते तिथे लागू पडतो. अनुदानित तासाची किंमत सरकार ठरवते आणि त्यावर नर्सरीला त्याच तासासाठी वरकड फी घेता येत नाही. ज्या वस्तीत पालक जादा तास विकत घेऊ शकतात, तिथे चालकाला तूट भरून काढता येते. ज्या वस्तीत ते शक्य नाही, तिथे नवी नर्सरी काढण्याचे धाडस कोण करील? त्यामुळे एकच हक्क कागदावर सर्वांना सारखा असूनही सुखवस्तू उपनगरात जागांसह येतो आणि गरीब बंदरगावात नुसता कोड म्हणून येतो.

तिसरी गोष्ट काळाची आहे आणि ती सर्वांत महत्त्वाची आहे. नर्सरी काढायची तर इमारतीचा भाडेकरार कित्येक वर्षांचा असतो, कर्मचाऱ्यांची घडण आणखी वेळ घेते. तिचे उत्पन्न मात्र दर तीन महिन्यांनी नव्याने खरे ठरवाव्या लागणाऱ्या कोडवर अवलंबून असते. बाप नोकरी बदलतो, आईचे काम जाते, कोड संपतो. काही काळाची सवलत मिळते, पण ती संपल्यावर मूल जागा सोडते. जे मूल त्या बाईच्या कडेवर रुळले होते, त्याचा हक्क त्याच्या आईच्या पगारपत्रकाला बांधलेला असतो. बाजार पुरवठा करतोच, असे मानले तरी दीर्घकाळाची वस्तू अल्पकाळाच्या आश्वासनावर तो उभी करणार नाही.

या योजनेने अनेक घरांची फी घटली आणि अनेक आयांना कामावर परतता आले, हे नाकारण्यात अर्थ नाही. ज्यांना जागा मिळाली त्यांच्यासाठी ती मोठी मदत आहे. पण जागा आधी होती म्हणूनच ती मदत पोचली. सरकारला जागा उभारता येत नाहीत, असेही नाही. दुसऱ्या महायुद्धात कारखान्यांना बायकांचे हात हवे होते तेव्हा 1944 पर्यंत सुमारे दीड हजार युद्धकालीन नर्सऱ्या उभ्या राहिल्या, आणि युद्ध संपताच त्यांचे अनुदान आटले. शुअर स्टार्ट या सरकारी उपक्रमाची बालकेंद्रे 2010 पर्यंत साडेतीन हजारांच्या आसपास पोचली होती, नंतर त्यांतली पुष्कळशी बंद झाली. सध्याच्या सरकारने प्राथमिक शाळांच्या रिकाम्या वर्गखोल्यांत नर्सऱ्या सुरू करायला घेतल्या आहेत. जागेला पैसा देण्याचे हे पाऊल आकाराने लहान आहे, पण दिशा बरोबर आहे. स्कॉटलंडने 2021 पासून तीन आणि चार वर्षांच्या सर्व मुलांना 1,140 तास दिले ते आईवडिलांच्या नोकरीची अट न घालता, आणि तिथे काउन्सिलच्या स्वतःच्या नर्सऱ्यांचा वाटाही मोठा आहे.

तास पालकाला बांधल्याचा फटका इंग्लंडमधल्या अनेक मराठी कुटुंबांनाही बसतो. कामाच्या व्हिसावर आलेल्या जोडप्यांच्या परवान्यावर बहुधा सार्वजनिक निधीचा लाभ न घेण्याची अट असते. दोघांवरही ती असेल, तर दोघे नोकरी करून पूर्ण कर भरत असले तरी नोकरदार पालकांचे तास मिळत नाहीत. तिसरे वर्ष सरल्यावर सर्वांसाठीचे 15 तास तेवढे मिळतात. तोवर पुण्याहून किंवा नाशिकहून आजी येते. तिचा व्हिसा सहा महिन्यांचा असतो. ती परतली की दुसरी आजी, आणि मग पूर्ण फी.

महाराष्ट्राचा अनुभव याच्या नेमका उलट आहे. इथे सरकारने जागा उभारल्या. त्याआधी बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी आणि कोसबाड इथे पाड्यातल्या मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झालेल्या एकात्मिक बाल विकास सेवा योजनेतून अंगणवाडी देशभर पोचली. ती कुणाच्या पगाराकडे पाहत नाही, वस्तीतले मूल एवढीच तिची पात्रता. पण ती दिवसातले काही तासच भरते आणि मुख्यतः आहार, लसीकरण आणि पूर्वप्राथमिक शिक्षणासाठी आखलेली आहे. निंदणीला किंवा धुण्याभांड्याला गेलेली आई परतण्याच्या खूप आधी तिला कुलूप लागते, आणि तान्ह्याला तिथे दिवसभर ठेवण्याची सोय नसते. मग धाकट्याला थोरली बहीण सांभाळते आणि तिची शाळा बुडते. प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराची सक्ती केली, पण शेतमजूर आणि घरकामगार बाईला अशी आस्थापनाच नसते.

केंद्राच्या मिशन शक्तीखालील 'पाळणा' योजनेत 2022 पासून अंगणवाडीलाच पाळणाघर जोडले जात आहे. सहा महिने ते सहा वर्षे वयाच्या मुलांसाठी वेगळी पाळणाघर सेविका आणि मदतनीस, झोपायची जागा, आणि आईच्या कामाच्या दिवसाशी जुळणारी वेळ, अशी तिची कल्पना आहे. इथे एकक जागा आहे आणि तास तिला जोडले जातात. आई काम करते की नाही याचा दर तिमाहीला पुरावा लागत नाही. लागतो तो सेविकेचा वेळेवर होणारा पगार आणि संध्याकाळपर्यंत उघडे राहणारे दार.