योगक्षेम

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील चौतिसाव्या सूक्तात, फाशांच्या पायी संसार आणि पत गमावून बसलेल्या जुगाऱ्याला अखेरीस द्यूत टाकून शेती करण्याचा उपदेश मिळतो. परंतु लातूरच्या अडत बाजारात सोयाबीनच्या ढिगाशी उभा असलेला शेतकरी पाहिला, की ज्याच्या नांगराकडे जुगाऱ्याला वळवायचे तो नांगरधारी स्वतःच फाशांच्या पटावर उभा आहे, या जाणिवेने मन अस्वस्थ होते. दिवाळीच्या सुमारास एका अडत्याच्या ओट्यावर एक वृद्ध शेतकरी आपल्याच मालातला दाणा दाताखाली धरून फोडत होता. दाणा कट्‌कन तुटला, तेव्हा त्याच्या मुद्रेवर क्षणभर समाधान उमटले आणि लगेच मावळले. ‘‘वाळलाय चांगला, मास्तर,’’ तो म्हणाला, ‘‘पण भाव काय निघंल ते आपल्या हातात न्हाई.’’ 2021 च्या उन्हाळ्यानंतर दहा हजारांच्या घरात गेलेले सोयाबीन 2024 च्या हंगामात 4,892 रुपयांच्या हमीभावाच्याही खाली विकले गेले. जमीन तीच, कष्ट तेच.

भावाच्या या लहरीपासून बचाव करणारा जो करार, त्याला आज ऑप्शन म्हणतात. मुंबईच्या जुन्या बाजारात त्याचेच नाव तेजी-मंदी होते. ठराविक मुदतीत ठराविक भावाने विकण्याचा किंवा घेण्याचा हक्क, बंधन नव्हे, थोडी रक्कम आगाऊ मोजून पदरात पाडून घ्यायचा, एवढेच त्याचे स्वरूप. सरकारदरबारी मात्र तो दीर्घकाळ संशयितच राहिला: मुंबई इलाख्यात कापसातील असे व्यवहार 1939 च्या कायद्याने, जिनसांतील 1952 च्या आणि रोख्यांतील 1956 च्या कायद्याने निषिद्ध ठरले. रोख्यांवरील बंदी 1995 मध्ये उठली, 2001 च्या जूनमध्ये निर्देशांकाचे ऑप्शन सुरू झाले, आणि शेतमालात पहिला मान 2018 च्या जानेवारीत गवार बियाण्याला मिळाला. सोयाबीनचे वायदे मात्र बाजार-नियामक सेबीने डिसेंबर 2021 मध्ये स्थगित केले आणि ती स्थगिती पुनःपुन्हा वाढवली. वायदाच नव्हता, तिथे त्यावरचा ऑप्शन कुठून येणार?

या कराराचा धर्माशी काय संबंध, हा प्रश्न मला नांदेडच्या एका सेवानिवृत्त सहकाऱ्याने घातला. आयुष्यभराच्या बचतीतून त्यांचे सुमारे दहा लाखांचे समभाग झाले होते आणि मुलीचे लग्न तीन महिन्यांवर आले होते. त्यांनी पंधरा हजार रुपये भरून निर्देशांकाचा असा ‘पुट’, म्हणजे विकण्याचा हक्क, घेतला, की बाजार पाच टक्क्यांहून अधिक घसरला तर पुढची घसरण भरून निघावी. त्यांचे समभाग निर्देशांकाच्या पावलावर पाऊल टाकत चालले असे धरले, तर बाजार वीस टक्के कोसळूनही दोन लाखांच्या हानीपैकी दीड लाख परत मिळतात आणि हप्त्यासह तोटा पासष्ट हजारांवर थांबतो. हिशेब चोख होता, पण गोदावरीच्या घाटावर बसून ते मला म्हणाले, ‘‘फळाची आशा सोडा म्हणणारी गीता रोज वाचतो, आणि फळाला कुंपण घालून बसतो, हा भगवंतावरचा अविश्वास तर नव्हे?’’

शंका खरी होती, आणि गीतेतच तिचे मूळ आहे. दुसऱ्या अध्यायात भगवान अर्जुनाला निर्योगक्षेम व्हायला सांगतात, आणि नवव्या अध्यायात अनन्य भक्तांचा योगक्षेम स्वतःच्या शिरावर घेतात. आपल्या आयुर्विमा महामंडळाने आपले बोधवाक्य तिथूनच उचलले. शंकराचार्यांच्या भाष्यानुसार योग म्हणजे न मिळालेले मिळवणे आणि क्षेम म्हणजे मिळालेल्याचे रक्षण. मला असे वाटते, की या दोन शब्दांच्या मधल्या फटीतच या कराराची नीती दडलेली आहे. सेबीच्या पाहणीत 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत वायदे आणि ऑप्शन यांत उतरलेल्या दर शंभर व्यक्तींपैकी त्र्याण्णव जण तोट्यात गेल्याचे आढळले, आणि एकूण हानी 1.8 लाख कोटी रुपयांहून अधिक होती. त्यांतल्या बहुतेकांजवळ राखण्यासारखा मालच नव्हता, असे मी समजतो. क्षेमाचे साधन त्यांनी योगासाठी वापरले, आणि कुंपणाचाच फासा झाला.

माझ्या सहकाऱ्यांच्या हातात तोच कागद निराळा होता. हप्ता भरताना त्यांनी फळाचा एक अंश आपणहून सोडला होता. हाही भार नको असेल, तर निर्देशांक अमुक पातळीच्या वर गेल्यास तिथून पुढचा लाभ दुसऱ्याच्या नावे लिहून देऊन त्या मोबदल्यात हप्ता भागवता येतो. बाजारात त्याला कॉलर म्हणतात. अनपेक्षित वैभवावरचा हक्क सोडून मुळाचे रक्षण करणारी ही रीत मला गृहस्थाश्रमातल्या वैराग्याच्या फार जवळची वाटते. निर्योगक्षेम होणे म्हणजे घर उघडे टाकणे नव्हे. दाराला कडी लावल्यावर रात्रभर कडीकडे न पाहणे, असा त्याचा अर्थ मी करतो, आणि तसे मी त्यांना सांगितले.

लग्न पार पडले. बाजार घसरला नाही. पंधरा हजार गेले. त्यांनी मला आपली हिशेबाची वही दाखवली: ती रक्कम तोट्याच्या सदरात नव्हती, दूध आणि वीजबिल यांच्या मध्ये, घरखर्चात नोंदलेली होती. लातूरच्या त्या वृद्धाला आपल्या सोयाबीनसाठी अशी नोंद करायची असती, तरी तसा करारच त्याला उपलब्ध नव्हता.