जिवाणी आणि खारं पाणी

दशलक्षण पर्वात आम्हा जैनांकडे तत्त्वार्थसूत्राचे दहा अध्याय दहा दिवसांत वाचतात, रोज एक. सातवा अध्याय व्रतांचा. त्यात गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार, म्हणजे व्रताला लागणारे दोष, दिलेत: बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. जीवाला बांधून-कोंडून ठेवणं, मारणं, त्याचे अवयव कापणं, झेपणार नाही एवढं ओझं लादणं, त्याचं खाणंपिणं तोडणं. लहानपणापासून हे ऐकताना माझ्या डोळ्यांसमोर बैल यायचा. यंदा मासा आला. माझ्या भाच्याला घरात समुद्री माशांची टाकी ठेवायची आहे. ‘आत्या, तू केमिस्ट्री शिकवायचीस, कुठली घेऊ ते तूच सांग,’ म्हणत तो माझ्याकडे आला.

कुठली घ्यावी हा त्याचा प्रश्न. घ्यावी का, हा माझा.

बंध तर पहिल्याच पायरीला लागतो. काचेची टाकी म्हणजे कोंडणं, त्यात शब्दच्छल करायला जागा नाही. शेतीत, स्वयंपाकात, धंद्यात घडणारी हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही, म्हणून त्याचं व्रत अणुव्रत. ठरवून केलेली, संकल्पी हिंसा मात्र त्यानं सोडायची. मासे पाळल्यावाचून कुणाचं अडत नाही. ही गरज नाही, हौस आहे, आणि हौसेपायी दुसऱ्या जिवाला कोंडायचं तर त्याचा हिशेब अधिक कडक हवा.

मासा आमच्या शास्त्रात किरकोळ जीव नाही. तो पंचेंद्रिय. मन असलेला पंचेंद्रिय तिर्यंच, म्हणजे मनुष्येतर प्राणी, श्रावकाची अणुव्रतं पाळू शकतो, असं आम्ही मानतो. आजी तंदुल मत्स्याची गोष्ट सांगायची. स्वयंभूरमण समुद्रात एका महामत्स्याच्या कानात तांदळाएवढा मासा राहतो. मोठ्याच्या तोंडातून मासे आत-बाहेर जाताना पाहून तो म्हणतो, मी याच्या जागी असतो तर एकालाही सोडलं नसतं. एकही मासा न खाता, नुसत्या या विचारानं तो सातव्या नरकात जातो. ज्या परंपरेनं माशाला पाप लागू शकतं इतकं मन दिलं, तिला २०१९ साली जपानी शास्त्रज्ञांनी छापलेल्या प्रयोगाचं नवल वाटायला नको. क्लीनर रास नावाच्या छोट्या समुद्री माशाच्या गळ्याखाली त्यांनी ठिपका उठवला. आरशात तो पाहिल्यावर मासा गळा तळाच्या वाळूवर घासू लागला. याचा अर्थ किती लावावा यावर वाद आहेत. मला तो मासा दुकानात विकायला ठेवलेला दिसला, त्यानंतर वादात फारसा रस राहिला नाही.

त्या दुकानातच मला या छंदातली सर्वांत वाईट रीत कळली. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, आणि तो विषारी असतो. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. दुसरे त्याचं नायट्रेट करतात, ते बरंच सोसवतं. हे जिवाणू दगडांवर, वाळूत वस्ती करेपर्यंत साधारण चार ते सहा आठवडे जातात. दुकानदार म्हणाला, ‘दोन डॅमसेल सोडा, चिवट मासा आहे. जगले तर टाकी तयार झाली समजायचं.’ म्हणजे अमोनिया निर्माण करायला जिवंत मासे, आणि त्यांचे कल्ले भाजले तरी चालेल, कारण ते स्वस्त. सूत्रातला वध याहून स्पष्ट काय असेल? हेच काम बाटलीतल्या शुद्ध अमोनियाचे मोजून घातलेले थेंब करतात, किंवा कुजायला टाकलेली माशांच्या खाद्याची चिमूट. परीक्षानळीत रंग पाहायचा. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य होईतोवर टाकीत खारं पाणी आणि दगड, बाकी कुणी नाही. भाच्याला मी सांगितलं, हे आठवडे तुला जड गेले तर पुढची वर्षं त्याहून जड जातील.

अतिभाराचा विचार मला अनपेक्षितपणे टाकीच्या मापापाशी घेऊन गेला. नवशिक्याला वाटतं, लहान टाकी सोपी. खाऱ्या पाण्यात नेमकं उलटं असतं. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. समुद्राचं पाणी दर हजार भागांत सुमारे पस्तीस भाग क्षार धरतं, आणि समुद्री माशाचं शरीर त्या स्थैर्यावरच बेतलेलं. पुण्याच्या उन्हाळ्यात तीसेक लिटरच्या टाकीतलं पाणी एका दुपारीत खाली उतरलं की क्षारता चढते, वर पंचवीस-सव्वीस अंशांचं तापमानही हाती राहत नाही. पाण्याचा साठा मोठा असला तर तीच चूक विरून जाते. म्हणून मी दोनशे लिटर म्हटलं, आणि त्यात दोनच मासे. उडालेल्या पाण्याच्या जागी रोज गोडं, आरओचं पाणी भरायचं, खारं कधीच नाही.

पाण्यापाशी आल्यावर मला आमच्या सांगलीकडच्या घरची विहीर आठवणं अटळ होतं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळायचं. मग फडकं उलटं करून गाळलेल्या पाण्यानंच खळबळायचं आणि फडक्यात अडकलेल्या जिवांचं ते पाणी, म्हणजे जिवाणी, परत विहिरीत सोडायची. वरून ओतायची नाही. त्यासाठी बुडाला कडी असलेली बादली असे. ती पाण्याला टेकेपर्यंत सोडायची, मग तिथं कलती करायची, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे ते जीव उंचावरून आपटत नाहीत. शिवाय ज्या विहिरीचं पाणी, त्याच विहिरीत जिवाणी. दुसऱ्या पाण्यात ते जीव जगतील याची खात्री नसते.

समुद्री टाकीच्या बाबतीत मला याहून चांगली कसोटी सापडलेली नाही: ज्याला त्याच्या पाण्यात परत ठेवता येणार नाही, त्याला तिथून काढू नये. या एका कसोटीवर दुकानातला बराचसा माल बाद होतो. प्रवाळखडकातून उचललेला, शेकडो जीव वस्तीला असलेला ‘लाइव्ह रॉक’ नको, कोरडा दगड घ्यायचा. समुद्रफूल नको. दगडी प्रवाळ आणि समुद्रघोडे २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले, पण कायदा नसता तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं.

श्रद्धा असली की हात आपोआप आवरतो, असं मला वाटायचं. फिलिप हेन्री गॉस या इंग्रज निसर्गशास्त्रज्ञाबद्दल वाचल्यापासून वाटत नाही. अत्यंत धार्मिक ख्रिस्ती माणूस. किनाऱ्यावरच्या खडकांतल्या डबक्यांत त्याला ईश्वराची कारागिरी दिसे, आणि ती घरोघरी दिसावी म्हणून त्यानं १८५४ मध्ये ‘द अक्वेरियम’ हे पुस्तक लिहिलं. घरात समुद्र ठेवायची लाट इंग्लंडभर आली. लोक जाळ्या, बरण्या घेऊन किनाऱ्यांवर उतरले. त्याचा मुलगा एडमंड याने १९०७ च्या ‘फादर अँड सन’मध्ये ती डबकी कशी लुटली गेली ते दुःखानं लिहिलंय. गॉसच्या भक्तीबद्दल मला शंका नाही, म्हणून तर ही हकीकत मला जास्त लागते.

उरतो हॅचरीत जन्मलेला क्लाउनफिश. आपल्या केंद्रीय सागरी मत्स्यिकी संशोधन संस्थेनं त्याचं प्रजनन साधलेलं आहे. नर अंड्यांपाशी राहून कल्ल्यामागच्या परांनी त्यांना वारा घालतो. आठवड्याभरात, अंधार पडल्यावर पिल्लं फुटतात. अशा टाकीतल्या पिल्लानं समुद्र पाहिलेलाच नसतो. त्याला परत नेऊन सोडायची विहीरच नाही. त्यामुळे बंध संपत नाही, पण तो माझ्या भाच्यानं नव्यानं घातलेला उरत नाही. समुद्रफुलाशिवायही हा मासा नीट जगतो. या जोडीला मी हो म्हटलं.

एक गाठ मात्र सुटलेली नाही. क्लाउनफिश शेवाळ खातो तसे सूक्ष्म प्राणीही खातो, आणि बाजारातल्या गोळ्यांतही मासळीची भुकटी असते. मांसाहारी प्राणी पाळणं श्रावकाला वर्ज्य मानलंय, ते याचसाठी. खायला न घालणं हा पाचवा अतिचार, घालणं ही दुसऱ्याची हिंसा. भाचा म्हणतो, ‘आत्या, ते माझ्या हातून होईल, तुला बघायची गरज नाही.’ पण हा मासा वीस वर्षंही जगू शकतो, आणि भाचा आत्ता अकरावीत आहे. तो शिकायला बाहेर गेला की टाकी माझ्याकडे येणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे. गोळ्यांचा डबा मी हातात घेईन का, ते मला त्याला सांगायचंय. ते सांगेपर्यंत मासे आणायचे नाहीत, एवढं त्यानं कबूल केलंय.